निवृत्तांच्या वसाहतीत सूर मारण्याइतका खोल पूल कसा शोधायचा?

प्रश्न असा आहे : वय पासष्टच्या आसपास, तरुणपणी स्प्रिंगबोर्डवरून, म्हणजे पुलाकाठच्या लवचीक फळीवरून, सूर मारायची चांगली सवय, आणि आता निवृत्तांच्या वसाहतीत राहायला जायचं ठरतंय. प्रत्येक माहितीपत्रकात निळाशार पूल दिसतो, पण सूर मारण्याजोगी खोली कुठे आहे ते कुणी सांगत नाही. असा पूल शोधायचा कसा, आणि तो खरंच पुरेसा खोल आहे याची खात्री कशी करायची?

वसाहतीच्या आत असा पूल मिळण्याची शक्यता फार कमी. म्हणून शोध उलट्या टोकाने सुरू करा. आधी सूर मारायची सोय असलेलं जलतरण केंद्र नकाशावर शोधा आणि मग त्याच्यापासून वीस-तीस मिनिटांच्या अंतरात कोणत्या वसाहती आहेत ते पाहा. घर पसंत करून मग पूल शोधत बसणारे लोक बहुधा कंबरभर पाण्यापाशी येऊन थांबतात.

त्यामागची कारणं समजून घेतली तर चौकशी करताना वेळ वाया जात नाही. निवृत्तांच्या वसाहतीतला पूल मुख्यतः पाण्यातला व्यायाम, पाण्यातलं चालणं आणि सांधेदुखीवरचे उपचार यांसाठी बांधलेला असतो. या सगळ्याला १ ते १.४ मीटर पाणी लागतं, उतरायला पायऱ्या किंवा उताराची वाट लागते आणि पाणी कोमट लागतं, ३०-३२ अंश सेल्सिअसच्या आसपास. आता १२ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा घ्या. १.२ मीटर खोलीला तिथे १,४४,००० लिटर पाणी मावतं, ३.५ मीटर खोलीला ४,२०,००० लिटर. उष्णता मुख्यतः पृष्ठभागावरून जाते, त्यामुळे पाणी गरम ठेवायचा रोजचा खर्च काही तिप्पट होत नाही, पण गाळणी, पंप आणि क्लोरीन मात्र सगळ्या पाण्याला पुरवावं लागतं. त्यावर जीवरक्षक आणि विमा. खोल टोक आणि फळी दिसली की विमा कंपनीचे प्रश्न वाढतात, आणि वापरणारे चार-सहाच असतात. त्यामुळे जुन्या वसाहतींतही फळ्या काढून टाकलेल्या किंवा खोल टोक भरून उथळ केलेलं आढळतं.

आता आकडे. ‘खोल’ हा शब्द कानावर पडला की लगेच मीटरमध्ये किंवा फुटांत विचारायचं. नुसत्या काठावरून डोकं खाली करून सूर मारायचा असेल तरी अमेरिकन रेड क्रॉस ९ फूट, म्हणजे सुमारे २.७ मीटर पाणी असावं असं सांगते. स्प्रिंगबोर्डसाठी जागतिक संघटना वर्ल्ड ॲक्वाटिक्सचे स्पर्धेच्या पुलांचे नियम प्रमाण मानावेत. १ मीटर उंचीच्या फळीच्या टोकाखाली किमान ३.४ आणि शक्यतो ३.५ मीटर पाणी हवं. ३ मीटरच्या फळीखाली किमान ३.७, शक्यतो ३.८. इथे ‘फळीच्या टोकाखाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. फळीच्या टोकावरून ओळंबा सोडला तर तो जिथे पाण्याला लागेल तिथली ही खोली आहे. भिंतीवर रंगवलेला आकडा ती सांगेलच असं नाही.

आणि तेवढ्यानेही भागत नाही. सूर मारणारा माणूस सरळ खाली जात नाही, पुढेही जातो. म्हणून त्याच नियमांत १ मीटरच्या फळीपुढे ५ मीटरपर्यंत खोली ३.३ च्या खाली येता कामा नये, ३ मीटरच्या फळीपुढे ६ मीटरपर्यंत ३.६ च्या खाली येता कामा नये, असं म्हटलेलं आहे. समोरची भिंत फळीच्या टोकापासून अनुक्रमे निदान ९ आणि १०.२५ मीटर दूर हवी. घात होतो तो नेमका इथे. जुन्या पुलांचं खोल टोक पुष्कळदा नरसाळ्यासारखं असतं : मध्यभागी लहानशी सपाट जागा आणि तिथून चारी बाजूंनी वर चढत गेलेला तळ. समजा फळीच्या टोकाखाली ३ मीटर पाणी आहे, पुढे २ मीटर तळ सपाट आहे आणि मग दर ३ मीटरला १ मीटर या हिशेबाने तो वर चढतो. टोकापासून ५ मीटर पुढे खोली उरली २ मीटर. भिंतीवर मात्र ३ हाच आकडा आहे आणि तो खोटाही नाही. सूर थोडा लांब गेला की हात आणि डोकं त्या चढावर आदळतं. मानेचे मणके, त्यातही पाचवा-सहावा, अशाच आघातात जातात.

वेगाचा अंदाज असावा म्हणून : १ मीटरच्या फळीवरून उसळून आणखी मीटरभर वर गेलात, तर पाण्यात शिरताना वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. ३ मीटरवरून नुसतं पडलात तरी ताशी २७-२८. पाणी हा वेग शोषून घेतं, पण त्याला त्यासाठी अंतर लागतं. आपण खोली मोजतो ती त्या अंतरासाठी.

डोळ्यांवर विसंबू नका. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे अगदी सरळ वरून पाहिलं तरी खोली खऱ्याच्या तीन चतुर्थांश दिसते. ३.५ मीटरचा तळ २.६ वर भासतो, २.४ चा १.८ वर. तिरकं पाहिलं तर आणखी कमी. शिवाय सपाट तळ आणि चढ एकाच रंगाच्या फरशीचा असेल तर काठावरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मोजायचं, आणि मोजणं अवघड नाही. एक न ताणणारी दोरी घ्या, खाली किलोभर वजन बांधा आणि दर अर्ध्या मीटरला रंगीत चिकटपट्टीची खूण करा. परवानगी घेऊन फळीच्या टोकावरून ती सोडा. वजन तळाला टेकलं आणि दोरी किंचित सैल झाली की पाण्याच्या पातळीशी दोरी चिमटीत धरून वर ओढा. चिमटीपासून वजनाच्या तळापर्यंतची लांबी म्हणजे खोली. मग फळीच्या रेषेत पुढे दर मीटरला तेच करा. दोघांनी पुलाच्या दोन बाजूंना उभं राहून आडवी दोरी धरली आणि मापाची दोरी तिच्यावरून मधोमध सोडली की पाण्यात न उतरताही काम होतं. पूल साफ करायचा लांब दांडाही चालतो, फक्त तो सरळ उभा धरला पाहिजे. तिरका धरला तर खोली जास्त भरते, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. पाणी काठाच्या खाली उतरलेलं असेल तर पाण्याच्या पृष्ठभागापासूनच मोजा. पूल नेहमीच्या पातळीला भरलेला आहे की नाही तेही विचारून घ्या.

नव्या पुलांमध्ये आणखी एक गोष्ट विचारायची राहून जाते : तळ सरकता आहे का? काही आधुनिक केंद्रांत एकाच पुलाचा तळ यंत्राने वर-खाली करतात. सकाळी ज्येष्ठांच्या वर्गासाठी १.२ मीटर, संध्याकाळी डायव्हिंगसाठी ३.८. अशा ठिकाणी भिंतीवरच्या आकड्याला अर्थ नसतो. त्या क्षणाची खोली दाखवणारा फलक असतो, तो रोज वाचायचा. वेळापत्रकात खोल पाण्याचे तास आठवड्याला किती आहेत आणि ते कोणत्या वेळी येतात, यावर तुमचा निर्णय ठरू शकतो.

जाहिरातीतल्या शब्दांचं थोडं. ‘ऑलिम्पिक आकाराचा’ म्हणजे ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद. त्याचा सूर मारण्याशी संबंध नाही. शर्यतीसाठी पाण्यात झेप घ्यायचे ठोकळे बसवलेले दिसले म्हणूनही हुरळून जाऊ नका. त्या ठोकळ्यांपुढे नियमाने १.३५ मीटर खोली पुरते, कारण शर्यतीतली झेप जवळजवळ पृष्ठभागाला समांतर असते. तिथे उभा सूर मारणं म्हणजे थेट तळाशी गाठ. ‘लॅप पूल’ आणि ‘रिसॉर्ट पूल’ या दोन्ही नावांखाली खोल पाणी क्वचितच सापडतं. तुम्हाला हवा तो शब्द ‘डायव्हिंग वेल’ किंवा ‘डायव्हिंग पूल’, म्हणजे खास सूर मारण्यासाठी बांधलेला खोल पूल.

घरबसल्या शोधायला उपग्रहाची छायाचित्रं फार उपयोगी पडतात. मोठ्या आयताकृती पुलाला जोडून इंग्रजी ‘एल’सारखी बाजू, किंवा त्याच्या शेजारी वेगळा, जवळजवळ चौकोनी आणि जास्त गडद निळा पूल दिसला तर थांबून नीट पाहा. उन्हात फळीची लांब, बारीक सावली पाण्यावर पडलेली दिसते. रंग गडद असणं हा नुसता इशारा समजा, कारण गडद फरशीही असते. बंदिस्त केंद्रं अशी दिसत नाहीत. त्यांच्यासाठी विद्यापीठं, नगरपालिकेची जलतरण केंद्रं आणि डायव्हिंग क्लब यांची पानं पाहावी लागतात. मास्टर्स डायव्हिंग हा शब्द लक्षात ठेवा. मोठ्या वयाच्या स्पर्धकांसाठी ५-५ वर्षांच्या वयोगटांत या स्पर्धा होतात, वर्ल्ड ॲक्वाटिक्सच्या मास्टर्स स्पर्धांतही होतात. ज्या केंद्रात मास्टर्सचा सराव चालतो तिथे खोल पाणी तर असतंच, शिवाय साठीच्या पुढच्या शरीराला शिकवायची सवय असलेला प्रशिक्षकही असतो. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची.

याच कारणासाठी विद्यापीठाशी जोडलेल्या निवृत्त वसाहती यादीत सगळ्यात वर ठेवा. अशा वसाहतींत रहिवाशांना बहुधा विद्यापीठाचं ग्रंथालय, व्यायामशाळा, जलतरण केंद्र वापरता येतं. मात्र ‘वापरता येतं’ यात फळ्या येतात का, की फक्त पोहण्याच्या रांगा, हे स्वतंत्र विचारा. बऱ्याच केंद्रांत फळ्या संघाच्या सरावाबाहेर कुलूपबंद असतात.

एखाद्या वसाहतीत खरोखर फळी असेल, तर तीही बारकाईने पाहा. स्पर्धेची फळी ॲल्युमिनियमची, सुमारे ४.८ मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असते, आणि तिच्याखालचा टेकू पायाने चाक फिरवून पुढे-मागे करता येतो. ती माणसाला खूप वर आणि दूर फेकते. घरगुती पुलाची फळी आखूड, फायबरग्लासची आणि कडक असते. घरगुती मापाच्या पुलावर कुणी हौसेने लांब ॲल्युमिनियमची फळी बसवली असेल तर तो पूल त्या फळीसाठी उथळच समजा. मागच्या बाजूच्या बिजागरीचे बोल्ट गंजलेत का, फळीवरचा खरखरीत थर टोकाकडे गुळगुळीत झालाय का, कठडे पाण्याच्या काठापर्यंत येतात का, हे हात लावून तपासा. टोक काठाच्या पुढे दीड मीटर तरी आलेलं हवं, नाहीतर उलट्या सुरात डोकं काठाजवळ येतं. बाजूच्या भिंतीपासून १ मीटरच्या फळीला २.५ मीटर मोकळं अंतर लागतं. बंदिस्त पुलात वर पाहायला विसरू नका : फळीपासून छतापर्यंत ५ मीटर मोकळं हवं, आणि वसाहतींच्या व्यायाम इमारतींना एवढी उंच छतं सहसा नसतात.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर त्या दिवशी कुणीच पाण्यात उतरायचं नाही. आणि पृष्ठभाग आरशासारखा शांत असेल तर हवेतून पाणी नेमकं कुठे सुरू होतं ते कळत नाही, म्हणून डायव्हिंगच्या पुलांत फळीसमोर पाण्याचे फवारे किंवा बुडबुडे सोडतात. ती सोय नसेल तर निदान एखाद्या नळीने पाणी हलतं ठेवता येईल का ते विचारा.

व्यवस्थापनाशी बोलताना विक्री करणाऱ्या माणसाला विचारून थांबू नका. पूल सांभाळणाऱ्याला भेटा. फळीच्या टोकाखाली पाणी किती, डोकं खाली करून सूर मारायला लेखी परवानगी आहे का, जीवरक्षक कोणत्या वेळी असतो, खोल टोक वर्षाचे किती महिने उघडं असतं. पूर्वी फळी होती आणि काढली असं कळलं तर कधी आणि का काढली हे विचारा. काठावर कापलेले बोल्ट किंवा वेगळ्या रंगाच्या फरशीचे चौकोन दिसले तर उत्तर मिळण्याआधीच तुम्हाला कळेल. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पुढच्या काळाबद्दलचा आहे : खोल टोक भरायचा किंवा पूल नव्याने बांधायचा प्रस्ताव रहिवासी समितीपुढे आहे का? समितीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या बैठकींची इतिवृत्तं मागा. वसाहतीच्या करारात सोयी बदलायचा अधिकार बहुतेक वेळा व्यवस्थापनाकडे राखलेला असतो, म्हणून पुलासाठी म्हणून घर घेत असाल तर हे कलम वकिलाला दाखवा.

डायव्हिंग म्हणजे तुमच्या मनात स्कूबा, म्हणजे हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जाणं, असेल तर गणित वेगळं आहे. उजळणीसाठी ३ ते ५ मीटर खोली पुष्कळ झाली. दुबईच्या डीप डाइव्हसारखे ६० मीटरचे पूल हा निराळा प्रकार. साध्या पुलात स्कूबाला पूलवाल्यांची हरकत खोलीमुळे नसते, सिलिंडर आपटून फरशी फुटण्याच्या भीतीने असते, म्हणून रबरी अंथरूण घालायची आणि गर्दी नसेल तेव्हा यायची तयारी दाखवा. आणि ‘एवढंसंच तर पाणी’ असं म्हणू नका. ३ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या १.३ पट असतो. तिथे सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावून इजा करू शकते.

शरीराची तपासणी पुलाइतकीच काटेकोर हवी. सूर मारताना डोक्याचं रक्षण हात करतात : तळवे पाण्याकडे उलटे, एका हाताने दुसरा हात पकडलेला, कोपरं ताठ, दंड कानांना टेकलेले. साठीनंतर खांद्याचे स्नायू झिजलेले असतील तर पाण्याच्या माऱ्याने कोपरं दुमडतात आणि मारा थेट डोक्यावर येतो. घरी करून पाहा : पाठ भिंतीला टेकून उभे राहा आणि पकडलेले हात वर नेऊन दंड कानांशी आणा. कंबर भिंतीपासून सुटत असेल किंवा कोपरं वाकत असतील तर खांदे मोकळे होईपर्यंत फक्त पायांवर उड्या, म्हणजे आधी पाय पाण्यात जातील अशा. हाडांची घनता आधी मोजून घ्या. हाडं ठिसूळ झालेली असतील तर कमरेत जोराने पुढे वाकण्याच्या सुरांनी मणका दबून मोडू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डोक्याला बसलेला साधा मारही आतल्या रक्तस्रावामुळे गंभीर होतो. डोळ्यांचा मोठा ऋण नंबर, पडद्याचा जुना त्रास, काचबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञांची परवानगी लागेल. मान फिरवल्यावर गरगरतं अशा माणसाने कोलांट्या घेऊ नयेत. खुब्याचा सांधा बदलला असेल तर पाय किती दुमडायचे हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनीच सांगायचं.

बाहेर यायच्या वाटेकडेही लक्ष द्या. खोल पुलांना बहुधा उभी शिडी किंवा भिंतीतल्या खाचा असतात. वीस सूर म्हणजे वीस वेळा स्वतःचं ओलं वजन वर ओढणं, आणि थकवा आधी तिथेच जाणवतो. हात कापायला लागले की त्या दिवसाचा सराव संपला. डायव्हिंगचं पाणी स्पर्धेत किमान २६ अंश ठेवतात. उपचाराच्या कोमट पुलाची सवय असेल तर ते गार लागेल. गरम टबमधून थेट फळीवर जाऊ नका, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उभं राहताच भोवळ येऊ शकते.

पुन्हा सुरुवात करताना पहिले दोन आठवडे काठावरून पायांवर उड्या आणि तळाला जाऊन कान मोकळे करायचा सराव. मग काठावर बसून, नंतर एक गुडघा टेकून, नंतर उभ्याने सूर, तेही फळीइतक्याच खोल टोकात. फळीवर प्रथम टेकू सगळ्यात पुढे, फळीच्या टोकाच्या दिशेला, आणायचा, म्हणजे फळी कडक होते आणि कमी फेकते. टोकावर नुसतं उभं राहून, उसळी न घेता, सरळ सूर. चालत येऊन उसळी घ्यायची ती प्रशिक्षकाने पाच-सहा वेळा पाहिल्यावर, आणि ३ मीटरची शिडी पहिल्या तीन महिन्यांत चढायची नाही.